खेळाच्या मध्यात बंद पडणारा संगणक

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला मी बहिणीच्या गावी गेलो, तो घरात सणापेक्षा अबोलाच जास्त दिसला. आमचे दाजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. भाचा तालुक्याच्या कॉलेजात शिकतो. दोघे एकाच पंक्तीला जेवायला बसत, पण चटणी मागायची झाली तरी ती बहिणीमार्फत. शेवटी तीच मला म्हणाली, "दादा, तू जन्मभर रेडिओ अन् कॉम्प्युटर उघडत आलास. एकदा त्या डब्याकडे बघ रे बाबा. त्याच्यापायी या दोघांचं बोलणं बंद पडलंय."

भांडणाचे मूळ असे होते. भाच्याने उन्हाळ्याच्या सुटीत एका सेवा केंद्रात बसून लोकांचे दाखल्यांचे अर्ज भरून दिले आणि त्या कमाईतून एक वापरलेले ग्राफिक कार्ड विकत घेतले. ग्राफिक कार्ड म्हणजे खेळातली हलती चित्रे भराभर काढून पडद्याकडे पाठवणारा संगणकाचा स्वतंत्र भाग. ते बसवल्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ झोकात सुरू झाला आणि आठवडाभरातच संगणकाला नवे दुखणे जडले. शर्यत रंगात आली की पडदा एकदम काळा व्हायचा आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे. ना सूचना, ना चूक दाखवणारी एखादी ओळ. आणि नवल असे की, त्याच संगणकावर दाजी शाळेची निकालपत्रके तीन तीन तास करीत बसत, तेव्हा तो एकदाही बंद पडत नसे.

दाजींनी यावरून निकाल देऊन टाकला होता. "खेळानंच मशीन बिघडलं. अन् वर जुना माल घेऊन फसला." मग संगणक तालुक्याच्या एका दुकानात गेला. तिथे दोन दिवस तो चालू ठेवला, एकदाही बंद पडला नाही. तरीही दुकानदाराने सांगितले की, कार्ड जुने आहे, तेच गेले असणार, नवे घ्या. नव्या कार्डाची किंमत ऐकून दाजी आणखी गरम झाले. भाच्याने हात टेकले होते. ते कार्ड अर्ध्या किमतीला विकून टाकण्याची जाहिरात त्याने मोबाईलमध्ये लिहून तयार ठेवली होती.

मी त्याला एवढेच विचारले, "दुकानात दोन दिवस चालू होता म्हणतोस, पण तिथं खेळ चालवून बघितला का?"

"नाही मामा. नुसता चालू करून ठेवला होता."

आता हे म्हणजे चढावर दम लागतो म्हणून बैल दाखवायला न्यावा आणि वैद्याने त्याला दोन दिवस गोठ्यात बांधून ठेवून "बैल ठणठणीत आहे" म्हणावे, तसे झाले. संगणकावर नुसते लिहिण्याचे काम चालू असते तेव्हा सबंध पेटी पन्नास ते ऐंशी वॅट वीज खाते, म्हणजे जुन्या काळच्या एका पिवळ्या बल्बाइतकी. खेळ सुरू झाला की तीच पेटी तीनशे वॅटच्या घरात जाते. तेव्हा फक्त खेळताना बंद पडणारा संगणक हा बहुतेक वेळा भार न पेलणारा संगणक असतो. भार न पेलणारा भाग कोणता, एवढेच शोधावयाचे राहते. तो भाग दर वेळी पेटीच्या आत असतो असेही नाही.

तुमच्या घरी किंवा शाळेत असा प्रसंग आला, तर काहीही विकत घेण्याआधी संगणक नेमका कसा बंद पडतो ते नीट पाहा. "बंद पडतो" या दोन शब्दांत तीन निरनिराळी दुखणी लपलेली असतात. चित्र जागच्या जागी गोठते आणि पेटी चालूच राहते, हे एक. पेटी पूर्ण थंड पडते आणि बटण दाबल्याशिवाय उठत नाही, हे दुसरे. आणि क्षणभर काळोख होऊन यंत्र आपले आपण पुन्हा सुरू होते, हे तिसरे. पहिल्या प्रकारात बहुधा चित्र काढणाऱ्या प्रणालीचा म्हणजे ड्रायव्हरचा दोष निघतो. दुसऱ्यात उष्णतेचा संशय आधी घ्यावा. तिसऱ्यात विजेकडे आधी पाहावे. हे काही अढळ नियम नव्हेत, पण शोधाला सुरुवात कुठून करावी ते यावरून ठरवता येते.

विंडोजच्या संगणकात एक बारीकशी खोच आहे, ती माहीत असावी. आतल्या प्रणालीला मोठी चूक सापडली तर ती निळा पडदा दाखवून त्यावर चुकीचे नाव लिहिते. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये हा पडदा निळ्याऐवजी काळा झाला आहे. पण चुकीनंतर यंत्राने आपोआप पुन्हा सुरू व्हावे अशी खूण आधीपासून केलेली असते, त्यामुळे तो मजकूर वाचायच्या आतच पडदा निघून जातो. ही खूण काढून टाकावी. विंडोजचे बटण आणि 'आर' हे अक्षर एकदम दाबून आलेल्या चौकटीत 'एसवायएसडीएम' लिहावे, त्यापुढे टिंब देऊन 'सीपीएल' ही तीन अक्षरे लिहावीत. हे सारे अर्थात इंग्रजी अक्षरांत. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड' या पानावर 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' पुढची खूण पुसावी. यापुढे चुकीचा पडदा आला तर तो तिथेच थांबेल आणि त्यावरचे शब्द उतरवून घेता येतील. खूण पुसूनही यंत्र मजकूर न दाखवता थेट उठत असेल, तर प्रणालीला चूक नोंदवायलाही सवड मिळालेली नाही असे समजावे. वीज पायाखालून गेल्यावर सवड कुठली मिळणार?

याची नोंदही संगणक ठेवतो. 'इव्हेंट व्ह्यूअर' नावाच्या वहीत अशा प्रत्येक वेळी 'कर्नल-पॉवर' आणि ४१ हा आकडा लिहिलेला सापडतो. पुष्कळ लोक हा आकडा पाहून घाबरतात आणि कोणी सांगितले म्हणून सबंध विंडोज नव्याने घालतात. पण ४१ चा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी मला रीतसर बंद केले नव्हते. पडलेला माणूस शुद्धीवर येऊन "मी पडलो होतो" म्हणतो, कोणी ढकलले ते त्याला ठाऊक नसते, तशातली ही साक्ष आहे. त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेक कोड' ही ओळ पाहावी. तिथे शून्य असेल तर चुकीचा पडदा नोंदवला गेलेला नाही, आणि विजेवरचा संशय बळावतो. भाच्याच्या वहीत साऱ्या ४१ च्या नोंदींपुढे शून्यच होते.

मग मी भाच्याच्या हातात शाळेची एक कोरी वही दिली आणि सांगितले, "आता जाहिरात राहू दे. दोन दिवस नुसतं खेळ. बंद पडला की वेळ लिही, खेळात काय चाललं होतं ते लिही, मॉनिटरचा दिवा लागलेला राहिला की गेला ते लिही, अन् युपीएस ओरडला का ते लिही." खेळायला सांगणारा मामा पाहून दाजींनी माझ्याकडे जे पाहिले ते अजून लक्षात आहे.

दोन दिवसांत सात नोंदी झाल्या. चार वेळा मॉनिटरचा दिवाही गेला होता आणि युपीएसने शिटी घातली होती. या चारही वेळा संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यानच्या. उरलेल्या तीन वेळा युपीएस गप्प होता, मॉनिटर जळत होता आणि त्यावर 'सिग्नल नाही' अशी अक्षरे आली होती. या तिन्ही वेळा शर्यतीत पाऊस, धूळ आणि वीस-पंचवीस गाड्या एकदम पडद्यावर होत्या. म्हणजे चोर एक नव्हता, दोन होते. एक पेटीच्या बाहेर, एक आत. दोघे मिळून एकाच नावाने वावरत होते, म्हणून सापडत नव्हते.

आधी बाहेरचा पाहू. संध्याकाळी सहा ते आठ या वेळेचे कोडे बहिणीनेच उलगडले. "तेव्हा गिरणी चालू असते की रे!" त्यांच्या घरापासून चौथ्या घरात पिठाची गिरणी आहे. गिरणीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या सहापट किंवा त्याहूनही अधिक प्रवाह ओढते, आणि त्याच तारेवर असलेल्या घरांतले व्होल्टेज तेवढ्यापुरते खाली बसते. पूर्वी पिवळा बल्ब मंद झाला की हे सगळ्यांना दिसत असे. हल्लीचे एलईडी दिवे पडते व्होल्टेज आतल्या आत सांभाळून घेतात, त्यामुळे हा झटका दिसेनासा झाला आहे. शिक्षक मंडळींनी शाळेत एक जुना तारेचा बल्ब जपून ठेवावा. विज्ञानाच्या तासाला तो उपयोगी पडतोच, पण गावातली वीज कशी आहे हेही तो काही न बोलता सांगतो.

"पण मग युपीएस कशाला आहे?" असे दाजींनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. युपीएसवर ६०० व्हीए असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. हे ६०० म्हणजे ६०० वॅट नव्हेत. पाठीमागच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत ३६० वॅट लिहिलेले होते, आणि खरा आकडा तोच. आता हिशेब करा. खेळताना पेटीच्या आतले भाग तीनशे वॅट मागतात. पेटीतला वीजपुरवठ्याचा डबा शंभर वॅट घेऊन ऐंशीच पुढे देत असेल, तर भिंतीतून ३७५ वॅट ओढावे लागतात. वर मॉनिटरचे पंचवीस. एकूण ४००. गिरणी सुरू होताच व्होल्टेज पडते, युपीएस बॅटरीवर जाऊ पाहतो, आणि बॅटरीवर ४०० वॅटचे ओझे पेलवत नाही म्हणून हात सोडून देतो. दाजी निकालपत्रक करतात तेव्हा हेच ओझे शंभर वॅटच्या आसपास असते, म्हणून तेव्हा तो निमूटपणे सांभाळतो. दाजींनी हा हिशेब स्वतः फळ्यावर मांडावा तसा कागदावर मांडून पाहिला आणि प्रथमच भाच्याकडे वळून म्हणाले, "अरे, मग कार्डाचा यात काय दोष?"

युपीएसची बॅटरीही दोन-तीन वर्षांत थकते. ती पाहायची सोपी रीत अशी: काम साठवून ठेवावे, खेळ बंद करावा आणि भिंतीवरचे बटण बंद करावे. नुसत्या चालू संगणकालाही जो युपीएस दोन-चार मिनिटे धरू शकत नाही, तो खेळताना काय धरणार?

ज्या घरी युपीएसऐवजी घराचाच मोठा इन्व्हर्टर आहे, त्यांनी इन्व्हर्टरवरची एक छोटी कळ पाहावी. तिच्या एका बाजूला 'युपीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'नॉर्मल' किंवा 'इको' असे काही लिहिलेले असते. संगणकाला वीज क्षणभर गेलेली किती काळ सोसते? चांगल्या वीजपुरवठ्याच्या डब्याने पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ, तग धरावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडच्या विजेचे एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचे. कळ 'नॉर्मल'वर असेल तर इन्व्हर्टर बदल करायला यापेक्षा जास्त वेळ घेऊ शकतो. पंखे-दिव्यांना तो जाणवत नाही, पण संगणक तेवढ्यात पडतो. कळ 'युपीएस'वर करून पाहायला खर्च काही नाही.

आता पेटीतला चोर. बाजारात ज्याला 'एसएमपीएस' म्हणतात तो वीजपुरवठ्याचा पत्र्याचा डबा पेटीत मागच्या बाजूला असतो. भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन तो संगणकाला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची वीज देतो. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोन खादाड गडी मुख्यतः १२ व्होल्टच्या पंगतीला बसतात. हे १२ व्होल्ट पाच टक्क्यांहून जास्त ढळू नयेत, म्हणजे ११.४ च्या खाली येऊ नयेत, असा दंडक आहे. पुरवठा ठीक असेपर्यंत डबा मदरबोर्डला "सगळे ठीक आहे" असा एक इशारा देत राहतो. व्होल्टेज भलतेच घसरले की तो इशारा काढून घेतला जातो, आणि मदरबोर्ड तत्क्षणी सगळे थांबवून नव्याने सुरुवात करतो. निळा पडदा नाही, मजकूर नाही. भाच्याच्या तीन नोंदींत हेच घडत होते.

आम्ही पेटी उघडून डब्यावरची चिठ्ठी वाचली. वर ठळक अक्षरांत ४५० लिहिले होते, पण १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. सोळा बारे एकशे ब्याण्णव. म्हणजे जिथे खरी गरज तिथे हा डबा १९२ वॅटच देऊ करतो. कार्ड एकटेच १७० वॅटचे, वर प्रोसेसरचे सत्तर-ऐंशी. पंगतीला पानं मांडली १९२ आणि जेवायला आले अडीचशे! शिवाय कार्डाची भूक एकसारखी नसते. पडद्यावर अवघड देखावा आला की सेकंदाच्या अगदी लहान भागापुरती ती सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी वर उडी मारते. या उड्या इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये वीजपुरवठ्याच्या डब्यांसाठी जो नवा नमुना आला, त्या एटीएक्स ३.० मध्ये डब्याने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार अगदी क्षणमात्र सोसला पाहिजे अशी अट घातली गेली. स्वस्त पेटीबरोबर फुकट आलेल्या डब्याकडून ती अपेक्षा करणे व्यर्थ.

तेव्हा संगणक घेताना किंवा त्यात कार्ड घालताना चिठ्ठीवरचा ठळक आकडा पाहू नका, १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहा आणि त्याला बाराने गुणा. चौथीतला मुलगा हा गुणाकार करील. आणि हा हिशेब जर दुकानदाराने कार्ड विकतानाच करून दिला, तर निम्मी भांडणे व्हायचीच नाहीत.

पण श्रोतेहो, हिशेबावरून संशय येतो, पुरावा मिळत नाही. पुराव्यासाठी एका वेळी एकच गोष्ट बदलावी लागते. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुधारला, तर कशाने सुधारला ते कधीच कळत नाही. आम्ही आधी युपीएस काढून संगणक थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या प्लगवर लावला. त्या संध्याकाळी गिरणी चालू झाली तरी संगणक टिकला. मात्र पावसाच्या शर्यतीत एकदा पडलाच. म्हणजे बाहेरचा चोर गेला, आतला राहिला. दुसऱ्या दिवशी 'आफ्टरबर्नर' नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने कार्डाची वीजमर्यादा सत्तर टक्क्यांवर आणली आणि खेळात सेकंदाला साठच चित्रे काढावीत असा बांध घातला. सबंध दिवस एकदाही बंद पडला नाही. कार्ड नासले असते तर ते इतके शहाण्यासारखे वागले नसते, असे मला वाटले. पण वाटण्यावर विकत-विक्रीचा निर्णय कसा करावा?

भाच्याच्या मित्राकडे नामांकित बनावटीचा ५५० वॅटचा डबा होता, तो एका दिवसासाठी मागून आणला. कार्डावरची मर्यादा काढून टाकली. चार तास शर्यत चालली, एकदाही खंड नाही. इथे कोणीही थांबला असता. मी मात्र जुना डबा पुन्हा बसवायला लावला. वीस मिनिटांत संगणक पडला. आता पुरावा झाला. भाच्याने मोबाईल काढला आणि ती जाहिरात माझ्यासमोर पुसून टाकली.

अशी अदलाबदल करताना दोन गोष्टी मात्र जिवाशी आणि पैशाशी संबंधित आहेत. पहिली, एसएमपीएसचा डबा पेटीतून काढावा, पण तो डबा स्वतः कधीही उघडू नये. वीज काढून घेतल्यावरही त्याच्या आत सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहून अधिक काही काळ साठून राहतात. मी आयुष्यभर हे काम केले आहे, तरी घरच्या टेबलावर हा डबा उघडत नाही. पेटीला हात लावण्यापूर्वीही प्लग उपटून काढावा आणि चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे. दुसरी गोष्ट, काही डब्यांच्या तारा दोन्हीकडून सुटणाऱ्या असतात. एका डब्याच्या अशा तारा दुसऱ्या डब्याला लावू नयेत. टोके सारखी दिसतात, पण आतली जुळणी वेगळी असते आणि हार्ड डिस्कसारखा भाग एका क्षणात जळू शकतो.

पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते काही संगणकाचे कौतुक नव्हे. घराचे अर्थिंग नीट नाही. खेळ राहू द्या, आधी वायरमनला बोलवा. सैल एक्स्टेन्शन बोर्डही पुष्कळ घरांत असतो. ज्या बोर्डात पिन हलवली की ठिणगी दिसते, त्यावर संगणक लावूच नये.

उष्णतेविषयी थोडे सांगतो. हल्लीचे प्रोसेसर तापले की आधी आपला वेग कमी करतात, आणि तरीही भागले नाही तर जीव वाचवण्यासाठी यंत्र पूर्ण बंद करतात. पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा ९० ते १०० अंशांच्या दरम्यान असते. तेव्हा खेळ आधी अडखळू लागला आणि मग पेटी थंड पडली, तर धूळ पाहा. आपल्याकडे संगणकावर हौसेने कापडी झाकण शिवतात आणि चालू असतानाही ते अर्धे तसेच राहते. कोणी पेटी टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवतात. विदर्भात मे महिन्यात खोलीच जिथे चाळीस अंशांवर जाते, तिथे ही पेटी श्वास कुठून घेणार? मऊ ब्रशाने धूळ काढावी. हवा मारून काढायची तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, ती भिरभिरू देऊ नयेत. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून गेली असेल तर ती नव्याने लावावी लागते, ते काम जाणत्याकडून करून घ्यावे.

चुकीचा पडदा थांबून 'मेमरी' असा शब्द दाखवत असेल, तर विंडोजमध्येच असलेली मेमरी तपासणी रात्रभर चालवावी, आणि रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहावे. कोणी बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग 'एक्सएमपी' नावाच्या सोयीने वाढवून ठेवला असेल, तर तो आधी मूळपदावर आणावा. जुन्या मदरबोर्डवर डोके फुगलेले कपॅसिटर दिसले तर अधिक शोध करू नये. तो बोर्ड आपले आयुष्य जगला आहे.

कधी कधी दोष खरोखरच मोठ्या कारखान्यातून येतो. इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे टेबलावरच्या संगणकांचे काही प्रोसेसर खेळताना बंद पडतात अशा तक्रारी पुष्कळ झाल्या, आणि २०२४ च्या जुलैत प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतो असे कंपनीनेच सांगितले. त्याच वर्षी ऑगस्टपासून बायोसमार्फत दुरुस्ती देण्यात आली आणि अशा प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. दुरुस्तीने पुढचे नुकसान टळते, झालेले भरून येत नाही. ज्यांच्याकडे या पिढीचा प्रोसेसर आहे त्यांनी बायोस नवे करून घ्यावे आणि खरेदीची पावती सांभाळावी. बायोस नवे करताना मध्येच वीज जाता कामा नये, म्हणून ते काम गिरणीच्या वेळेत करू नये हे वेगळे सांगायला नको.

दाजींनी पुढच्या पगाराला चांगल्या बनावटीचा ५५० वॅटचा डबा आणला. नव्या कार्डाच्या मानाने तो खर्च किरकोळ होता. त्यानंतर महिन्याने ११०० व्हीएचा, म्हणजे ६६० वॅटचा युपीएसही आला. तो घेताना दाजींनी दुकानात खोके उलटे करून मागची बारीक चिठ्ठी आधी वाचली म्हणे. जुन्या ६०० व्हीएच्या युपीएसला नवी बॅटरी घालून त्यावर इंटरनेटचा राऊटर ठेवला आहे, आणि तेवढे ओझे तो आनंदाने वाहतो. नोंदींची ती वही बहिणीने दुधाच्या हिशेबाला घेतली. पहिल्या पानावर मात्र त्या सात ओळी अजून तशाच आहेत. परवा फोनवर भाचा सांगत होता, "मामा, गिरणी चालू झाली की युपीएस एकदा टिक् करतो, अन् बाबा आतल्या खोलीतून विचारतात, 'टिकला का रे?'"